टाच उचललेला माणूस

परांडेकरकाका गेल्याचं कळलं तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. कॅमेरा चालू, चेहऱ्यावर लक्ष देऊन ऐकत असल्याचा भाव आणि टेबलाखाली फोन. फोनवर त्यांच्या मुलाचा, निखिलचा, इंग्रजीत मेसेज आला होता. बाबा आज सकाळी झोपेतच गेले, त्रास झाला नाही, तुला कळवायला हवं असं वाटलं. मी तो वाचत असतानाच कोणीतरी मला रिलीजची तारीख विचारली आणि मी ती सांगितली. बरोबर सांगितली. मग नेट नीट चालत नाही म्हणून कॅमेरा बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन नुसती उभी राहिले. अशा वेळी माणूस कुणाला तरी फोन करतो. इथे अमेरिकेत, पार्सिपनीत, मी असा फोन ज्यांना केला असता ते एकटे काकाच होते.

थंडीचे दोन-तीन महिने ते दरवर्षी देशाच्या दुसऱ्या टोकाला, फ्रीमाँटला मुलाकडे जात, तसे यंदाही गेले होते. अंत्यसंस्कार तिकडेच झाले. मी ते लॅपटॉपवर पाहिले. कोणीतरी सारखं "सगळ्यांनी प्लीज म्यूट करा" असं सांगत होतं, आणि हॉलची वेळ संपत आल्यामुळे गुरुजी भराभर आटपत होते. नंतर चार जण बोलले. उत्तम इंजिनियर, इथल्या मराठी मंडळाचे जुने सभासद, मनमिळाऊ स्वभाव. मनमिळाऊ! तशाही परिस्थितीत मला हसू आलं. काकांना मनमिळाऊ म्हणणाऱ्याने त्यांच्याशी कधी दहा मिनिटं वाद घातलेला नसणार. आणि त्यांच्या तलवारींबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. लोकांना बहुधा ते अवघड वाटलं असावं, एखाद्याच्या विचित्र सवयीबद्दल त्याच्या माघारी बोलू नये तसं. म्हणून मी हे लिहायला घेतलं.

तर श्रीधर परांडेकर, म्हणजे आमचे काका, युरोपातल्या जुन्या तलवारबाजीचे अभ्यासक होते. हौशी म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. चार-पाचशे वर्षांपूर्वी इटलीत आणि जर्मनीत तलवार शिकवणाऱ्या उस्तादांनी पुस्तकं लिहिली, त्यात प्रत्येक डावाची चित्रं काढून घेतली. पुढे बंदुका आल्या, ती विद्या मागे पडली, आणि गुरूकडून शिकलेला कोणी माणूस उरला नाही. उरली ती पुस्तकं. आता जगभरात काही लोक ती वाचतात, हातात बोथट पोलादी तलवार घेतात आणि त्या चित्रांमधली माणसं नेमकं काय करत होती ते शोधून काढायचा प्रयत्न करतात. काका त्यांतले एक. व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत त्यांनी आयुष्य काढलं. कामावर जाता-येता गाडीत कॅसेट लावून ते इटालियन शिकले, आणि मग त्या शिकलेल्या इटालियनचा उपयोग नाही असं कळल्यावर जुनी इटालियन वेगळी शिकले.

सुरुवात म्हणे न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये झाली. सुधाकाकूंचे पाय दुखायला लागले म्हणून त्या चिलखतांच्या दालनात बाकावर टेकल्या, आणि त्यांना विश्रांती म्हणून काका समोरच्या कपाटापुढे उभे राहिले. तिथे तलवारीचं वजन लिहिलं होतं. ते त्यांच्या अंदाजापेक्षा इतकं कमी होतं की इंजिनियर गृहस्थ खवळले. एवढ्या लांब पोलादाचं वजन इतकं कमी ठेवायचं तर पात्याची जाडी कशी कशी कमी करत नेली असेल, तोल कुठे येत असेल... काकू बाकावर डुलकी काढून उठल्या तरी हे तिथेच. "तिनं मला त्या दिवशी हाताला धरून बाहेर काढलं," काका सांगायचे, "पण मी काही पूर्ण बाहेर आलो नाही." मी काकूंना पाहिलेलं नाही. मी पार्सिपनीला येण्याआधीच त्या गेल्या होत्या. त्यांच्याबद्दल काका बोलायचे ते असं, कशाच्या तरी ओघात, आणि मग विषय बदलायचे.

मंडळात त्यांची थट्टा व्हायची. आपल्याकडचा दांडपट्टा सोडून हे काय गोऱ्यांचं घेऊन बसलात, असं दर सणाला कोणीतरी विचारायचंच. एका शिवजयंतीला कार्यकारिणीने त्यांना तलवारी घेऊन बोलावलं. लोकांची अपेक्षा अशी की काका दोन हात करून दाखवतील, पोरं टाळ्या वाजवतील, फोटो निघतील. काकांनी भाषण केलं. मराठ्यांच्या कितीतरी तलवारींची पाती युरोपातून यायची, इथे त्यांना आपली मूठ बसवली जायची, म्हणून तर त्या तलवारीला फिरंग म्हणायचे, हे त्यांनी पात्यावरच्या खाचेच्या खोलीसकट समजावून सांगितलं. खाचेच्या खोलीपर्यंत पोचले तेव्हा मागच्या रांगा बटाटेवड्यांकडे गेल्या होत्या. मी शेवटपर्यंत बसले होते. मला रस होता असं नाही, पण वड्यांच्या रांगेत मिलिंद कुठे आहे, कसा आहे, हे मला दहा जणांनी विचारलं असतं.

मिलिंद म्हणजे माझा नवरा, तेव्हा नुकताच माजी झालेला. एडिसनला आम्ही होतो तिथे किराणा आणायला गेलं तरी ओळखीचे चार चेहरे भेटायचे, म्हणून मी मुद्दाम तिथून निघून पार्सिपनीला लहानसं टाउनहाउस भाड्याने घेतलं होतं. घरूनच काम. आठवड्यात माझा आवाज फक्त मीटिंगमध्ये निघायचा. त्या काळात मला सगळ्याची भीती वाटायची, दारावरच्या घंटीचीसुद्धा. तर त्या दिवशी भाषण संपल्यावर काका तलवारी गुंडाळत गुंडाळत माझ्याजवळ आले. मी मनात उत्तर तयार ठेवलं. ते म्हणाले, "तुझी उंची किती आहे गं?"

त्यांना जोडीदार हवा होता. नेहमीचा मुलगा नोकरीसाठी टेक्ससला गेला होता. हा अभ्यास एकट्याने होत नाही, ही त्यातली मोठी अडचण. चित्रात दोन माणसं असतात आणि दुसऱ्याच्या जागी खांब उभा करून चालत नाही. "रविवारी फ्री आहेस का? काही करायचं नाही, नुसतं उभं राहायचं. दहा मिनिटं." मला नाही म्हणता येत नाही, हा माझा जुना आजार. रविवारी सकाळी मी त्यांच्या गॅरेजमध्ये उभी राहिले. गाडी बाहेर काढलेली, जमिनीवर रंगीत टेपच्या रेघा, भिंतीवर, बर्फ उडवायच्या स्नो ब्लोअरच्या शेजारी, तलवारी टांगलेल्या. त्यांनी मला जाड जॅकेट घालायला दिलं, जाळीचा मुखवटा चढवला, हातात तलवार दिली आणि ती कशी पुढे धरायची ते दाखवलं. मग ते समोर पवित्रा घेऊन उभे राहिले आणि त्यांचं टोक सरळ माझ्या तोंडावर आलं.

ते माझ्यापासून हातभर लांब थांबणार होते, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त मागे सरकले. सरकले म्हणजे मान आखडली, सगळं अंग मागे गेलं, तलवारीचा हात मात्र होता तिथेच पुढे राहिला आणि पुढच्या पायाची टाच वर उचलली गेली. "थांब!" काका ओरडले. "हलू नकोस. अजिबात हलू नकोस." मला वाटलं काहीतरी मोडलं. ते धावत जाऊन पुस्तकातलं छापून घेतलेलं एक चित्र घेऊन आले आणि चक्क गॅरेजच्या जमिनीवर आडवे झाले, माझ्या पायाशी. एकदा चित्र बघायचे, एकदा माझी टाच. मी तशीच, शेंदूर फासला जायची वाट बघणाऱ्या दगडासारखी. बऱ्याच वेळाने ते उठून बसले, कपड्यांना धूळ लागलेली, आणि म्हणाले, "मुग्धा, मी इतकी वर्षं साफ चुकत होतो." एखाद्याला लॉटरी लागावी तसे म्हणाले.

ती चूक सांगायला हवी. त्या चित्रात दोन माणसं आहेत आणि दुसऱ्याची टाच उचललेली आहे. चित्रात पाय थिजलेला असतो, तो पुढे येतोय की मागे जातोय हे कळत नाही. काकांनी आजवर हा डाव तलवार शिकलेल्या मुलांबरोबर करून पाहिला होता, आणि शिकलेली मुलं कायम पुढेच येतात. म्हणून त्यांनी धरून चालवलं की दुसरा चालून येतो आहे आणि पहिला त्याला अडवून मारतो आहे. तसा लेखही लिहिला होता, तो मान्य झाला होता आणि ठिकठिकाणी तसंच शिकवत होते. पण तो माणूस चालून येत नव्हता. तो घाबरून मागे जात होता. पहिला वार ही नुसती हूल होती, आणि खरा वार नंतरचा, त्याचा पाय अधांतरी असतानाचा. "उस्तादाने हूल असं लिहिलंच नाही," काका म्हणाले, "कारण त्याच्या लेखी ते उघड होतं. माणूस घाबरतो हे काय लिहायचं असतं?"

आता या मंडळींची एक रीत आहे. नुसत्या कागदावर डावाचा अर्थ बदलत नाही. वसंत ऋतूत त्यांचा एक मेळावा भरतो, तिथे दोघांनी उभं राहून, चित्र शेजारी लावून, सगळ्यांसमोर तो करून दाखवायचा. चित्राशी देह जुळला तर मानायचं. काकांना आपली चूक अशी जाहीरपणे दुरुस्त करायची होती. "माझ्याच नावावर माझंच खोटं चाललंय," असं म्हणायचे. त्यासाठी मी रविवारी रविवारी यायला लागले. गंमत अशी, की टाच काही पुन्हा तशी आली नाही. ते हूल दाखवायचे, मी मागे जायचे, पण अंग वेगळंच जायचं, नाचाच्या स्टेपसारखं. काका जमिनीवर वाकून बघायचे आणि मान हलवायचे. "नाही बसली. अजून नक्की नाही म्हणता येणार. पुढच्या रविवारी बघू." मला फार अपराधी वाटायचं. घरी आरशासमोरसुद्धा करून पाहायचे मी, आता काय सांगू.

मग चहा. टोस्टला शेंगदाण्याची चटणी लावून द्यायचे, त्यावर तूप. चहा झाला की ते मला जुन्या इटालियनमधले शब्द वाचून दाखवायचे आणि मी त्यांना माझ्या मॅनेजरच्या तक्रारी. मिलिंदबद्दल त्यांनी कधीच विचारलं नाही. एकदा मीच सगळं सांगून टाकलं, पाऊण तास. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "संध्याकाळी जेवतेस ना नीट?" एवढंच. पुढच्या रविवारी निघताना हातात डबा दिला, वांग्याची भाजी, तिखटजाळ. दर वर्षी मेळावा जवळ आला की मी विचारायचे, यंदा दाखवायचं का? "कशाच्या जोरावर? टाच कुठे बसलीय?" असं करत मेळावे गेले. गेल्या हिवाळ्यात फ्रीमाँटला निघण्याआधी मात्र स्वतःच म्हणाले, "यंदा नाव देऊन टाकलंय. परत आलो की करून टाकू, जमेल तसं." दम लागत होता त्यांना, बॅग मीच उचलली. विमानतळावर मी त्यांना सोडलं आणि त्यांनी मागे वळून हात केला, ती शेवटची भेट.

ते गेल्यानंतर काही आठवड्यांनी मार्थाचा फोन आला. ही लॅटिन शिकवून निवृत्त झालेली बाई त्या मंडळींची प्रमुख. कार्यक्रमात अजून काकांचं नाव होतं. काढायचं का, असं तिने फार हळुवारपणे विचारलं. काढलं तर जुनाच अर्थ कायम राहणार होता, काकांनी स्वतः खोटा ठरवलेला, त्यांच्याच नावाने. मी म्हटलं, मला फक्त अर्धा डाव येतो, मार खाणाऱ्याचा. ती म्हणाली, "पण त्यांचा अर्धा समोरून बघितलेली तू एकटीच आहेस." घर रिकामं करायला निखिल नेमका मेळाव्याच्याच आठवड्यात आलेला होता. काकांची पुस्तकं त्या मंडळींना द्यायची म्हणून खोकी गाडीत भरून तोच मला घेऊन गेला. वाटेत म्हणाला, "टू बी ऑनेस्ट मुग्धाताई, आय नेव्हर गॉट इट. लहानपणी मित्र घरी आले की मी गॅरेजचं दार बंद करायचो." वाईट वाटून म्हणाला. तलवार त्याने जन्मात हातात घेतली नव्हती.

एका शाळेच्या जिममध्ये मेळावा होता. भिंतीवर चित्र मोठं करून लावलेलं. मार्थाने काकांची जागा घेतली, मी माझी. हूल आली, मी मागे गेले आणि मलाच कळलं की नाही बसली. पुन्हा केलं. पुन्हा तेच. दोन तरबेज मुलं आली, ती मागे जातानाही पुढे यायच्या तयारीत. दाढीवाले एक गृहस्थ उठून फार आदराने म्हणाले की मिस्टर परांडेकर थोर होते, पण हे चित्राशी जुळत नाही. त्यांची इतक्या वर्षांची गोष्ट माझ्या एका टाचेपायी बुडत होती. तेवढ्यात मला निखिल दिसला, खोक्यांपाशी उभा. मी मराठीतच ओरडले, "निखिल, इकडे ये. नुसतं उभं राहायचं."

"मी? नो, नो." पण आला. त्यालाही नाही म्हणता येत नसावं. मार्थाने त्याला मुखवटा चढवला, तलवार दिली. काकांच्या जागी मी उभी राहिले. मनगट कुठे, खांदा कुठे, नजर कुठे, सगळं मला पाठ होतं, समोरून बघून बघून. मी टोक त्याच्या तोंडावर टाकलं. त्याची मान आखडली, अंग मागे गेलं, हात पुढेच राहिला, आणि टाच उचलली. मी दुसरा वार त्याच्या बरगडीला हलकेच टेकवला. मग दाढीवाले गृहस्थ भिंतीवरच्या चित्राजवळ गेले, निखिलच्या पायाकडे बघितलं, आणि टाळ्या वाजवायला लागले. मागच्यांना दिसलं नव्हतं म्हणून पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा केलं, तर निखिल जागचा हललाच नाही. जाळीमागे हसत होता. "मला माहीत आहे आता, यू वोन्ट हिट मी." तिसऱ्यांदा मुद्दाम मागे गेला तर माझ्यासारखाच नाचल्यासारखा. आणि मार्था सगळ्यांना समजावून सांगायला लागली की बरोबरच आहे, हूल एकाच माणसावर एकदाच चालते, एकदा कळलं की देह पुन्हा घाबरत नाही, त्यामुळे हा डाव दाखवायला दर वेळी नवा माणूस लागणार. "श्रीधरला हे पहिल्या-दुसऱ्या रविवारीच लक्षात आलं असणार," ती म्हणाली.

मी तिथेच मुखवटा हातात धरून उभी होते. आलंच असणार. ज्या माणसाने जन्मभर व्हॉल्व्ह तपासले त्याला एवढं कळलं नाही हे कोण मानेल? मंडळातला कोणीही, पहिल्यांदा गॅरेजमध्ये येणारा माणूस मेळाव्याला नेला असता तरी काम झालं असतं. त्यांनी दुसरं कोणाला बोलावलं नाही. पुढच्या रविवारी बघू म्हणत राहिले आणि स्वतःची चूक चारचौघांत तशीच चालू दिली, इतका हट्टी, इतका काटेकोर माणूस. माझ्यासाठी, की स्वतःसाठी? दोघांसाठी, असं मला वाटतं. पण विचारायचं कोणाला?

परतताना निखिल गाडी चालवत होता. मध्येच म्हणाला, "पण मग... एवढी वर्षं, एव्हरी संडे, तुम्ही दोघं करत काय होतात?"

"चहा पीत होतो," मी म्हटलं, आणि काका गेल्यापासून पहिल्यांदाच मला रडू फुटलं. त्याने गाडी बाजूला घेतली आणि काही न बोलता थांबून राहिला. या बाबतीत तो थेट वडिलांवर गेला आहे.

तो फ्रीमाँटला परतला. घर विकलं गेलं. जुना अर्थ आता मोडीत निघाला, नवा काकांच्या नावाने शिकवतात, त्यांना हवं होतं तसं अगदी. रविवारी सकाळी मी चहा करते, टोस्टला चटणी लावते आणि वर तूप घालते. डाव नक्की झाला. आता माझी टाच कोणाला बघायची नाही.